बीपीची म्हणून सांगितलेली गोळी

पलूसच्या खालच्या अंगाला, नदीचं पाणी उपसून रानांना देणाऱ्या एका संस्थेत आकाराम एकवीस वर्षं पाळीपाळीनं पाणी सोडणारा पाटकरी होता. कुणाच्या उसाला कुठल्या दिवशी पाणी, हे तो वही न बघता सांगायचा. पाळीवरून दोघं हमरीतुमरीवर आले, की हा मध्ये उभा राहायचा आणि त्याचा शब्द दोघंही मानायचे.

त्या आकारामचं मन गेल्या पावसाळ्यानंतर खचलं. कारण म्हणावं तर काहीच नव्हतं. मुलगा फौजेत, मुलगी तिच्या घरी सुखी. तरी सकाळी उठवेना, भाकरी मातीसारखी लागे. व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून तो नुसताच उभा राही. चार महिने असे काढल्यावर बायकोनं, शालननं, त्याला सांगलीला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. कुणी विचारलं तर "बीपीची हाय" म्हणायचं, असं दोघांनी ठरवलं. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या पाटकऱ्याचं कोण ऐकणार?

गोळी लागू पडायला वेळ लागला, पण पडली. दीड महिन्यानं तो पहिल्यांदा पोटभर जेवला, तेव्हा ताक आणायच्या निमित्तानं शालन आत जाऊन रडून आली.

मग पद्मा आली. पद्मा त्याची धाकटी बहीण, शेजारच्या गावात दिलेली. नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. वर्षभर ती एका कंपनीची जडीबुटीची औषधं विकत होती. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, मीटिंगमध्ये स्टेजवर सत्कार. पाच वर्षं मान खाली घालून जगलेली बहीण अशी ताठ चालताना बघून आकारामला बरं वाटायचं.

"आण्णा, लय उतरलायस," ती म्हणाली. "ह्या कॅप्सूल घे. परदेशातल्या पिवळ्या फुलांच्या हायत. मन शांत ऱ्हातं, झोप लागती."

"मला बीपीची गोळी चालू हाय गं."

"असू दे की. झाडपाल्यानं काय हुतंय?"

खरं सांगायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती इतक्या हौसेनं डबी पुढं करत होती, की त्यानं घेतली. शालन नणंदेला बोलेल म्हणून ती डबी संस्थेच्या मोटारघरात ठेवली आणि रोज दोन कॅप्सूल, श्रद्धेनं नव्हे, बहिणीसाठी घेऊ लागला.

पंधरवड्यात हात कापायला लागले. दरदरून घाम यायचा, पोट बिघडलं, एका जागी बसवेना. दुखणं उलटलं असं वाटून तो भ्याला आणि दोनाच्या तीन कॅप्सूल घेऊ लागला. एका सकाळी पाण्याच्या पाळीला आलेल्या एका शेतकऱ्याला, बिराप्पाला, तो मोटारघरात पडलेला दिसला. अंग तापानं फणफणलेलं, पाय लाकडासारखे ताठ, बोलणं भलतंच.

पुढचं त्याला शालननं नंतर सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "मनाच्या गोळीशिवाय आणखी काही घेत होते का?"

"न्हाई ओ साहेब, तेवढीच," शालन म्हणाली.

निरोप मिळताच धावत आलेली पद्मा दारात उभी होती. "मनाची गोळी?" एवढंच बोलली. मग पर्समधून तसलीच एक डबी काढून तिनं डॉक्टरांपुढं धरली.

डॉक्टरांनी लेबल वाचलं. "हे आणि ती गोळी मेंदूवर एकाच बाजूनं जोर लावतात. दोन्ही मिळून फार झालं. जीव गेला असता."

जीव वाचला. पण दोन्ही औषधं बंद झाली, आणि गोळी परत सुरू होऊन लागू पडेपर्यंतचे दिवस आधीच्या चार महिन्यांपेक्षा वाईट गेले. गावाला सगळं कळलं होतं. संस्थेचे चेअरमन घरी आले, "आता जरा आराम कर," म्हणाले आणि मोटारघराच्या किल्ल्या घेऊन गेले. पद्मा मात्र फिरकली नाही. राखीपौर्णिमेलाही आली नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी तोच तिच्याकडे गेला.

"पदे, चूक माझी हाय. गोळीचं मी तुला सांगाय पायजे हुतं."

पद्मानं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. "सांगितलं असतंस तर मी काय म्हणले असते, ठाव हाय? ती गोळी सोड, हेच घे. समद्यांस्नी असंच सांगत हुते मी."

चहा झाला. निघताना त्यानं विचारलं, "गुरुवारी सांगलीला दाखवायला जायचंय. येतीस संगट?"

"येते."

गुरुवारी तिचा फोन आला. "आण्णा, तुमी फुडं व्हा. हितल्या एका घरातल्या सुनंनं माज्या सांगण्यावरनं मनाच्या गोळ्या सोडल्यात. चार दिस झालं, जेवली न्हाई. तिच्या दारात बसलीया मी, पर सासरा आत घेईना."

"मी येऊ का?"

"नगं."

फोन बंद झाला. शालन पिशवी घेऊन उभी होती. दोघं सांगलीच्या गाडीत बसली.