काटेमास्तरांचा उजवा हात

गाडीच्या मीटरचा काटा बसवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून सगळे त्यांना काटेमास्तर म्हणत. त्यांचं दुकान म्हणजे दोन गॅरेजांच्या मधली अरुंद खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. "दिवसाढवळ्या लोकांचा काटा काढतो, आणि तरी पोलीस आपल्या गाड्या माझ्याकडेच आणतात," हा त्यांचा विनोद चाळीस वर्षं चालला होता.

गेलं वर्षभर मात्र ते काम घ्यायला कचरत होते. उजवा हात थरथरायचा. काम करताना कमी, नुसता ठेवला की जास्त. कोणी समोर असलं की ते तो खिशात घालत किंवा मांडीखाली दाबून बसत. "ठेवून जा, दोन दिवसांनी या," एवढंच सांगत. मग दार लोटून, थांबत थांबत, एका तासाचं काम दिवसभर करत.

एका सकाळी सिस्टर आल्या. निवृत्त नर्स. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी जाऊन त्यांचं ड्रेसिंग करत. गाडी सव्वीस वर्षांची.

"वेगाचा काटा पळतो, पण किलोमीटरचे आकडे हलत नाहीत," त्या म्हणाल्या. "तीन महिने एकाच आकड्यावर अडकलीय. ऑइल कधी बदलायचं तेच कळत नाही."

"आकडे फिरवणारं छोटं प्लास्टिकचं चक्र असतं, ते तडकलं असणार. वाळून भुगा होतो त्याचा." पावतीवर गाडीचा नंबर लिहीत मास्तर म्हणाले, "ठेवून जा."

"दुपारी पेशंट आहे. गाडीशिवाय कशी जाऊ? बसते मी इथेच." आणि त्या स्टुलावर बसल्या.

मास्तरांचा नाइलाज झाला. त्यांनी गाडीतून मीटर काढून आणला, टेबलावर उघडला. काटा जिथे टेकतो तिथे पेन्सिलीची खूण केली, काट्याखाली दोन चमचे सरकवून तो अलगद उचलला. इथवर हाताने साथ दिली. चक्राचे तीन दात गेले होते. डब्यात शोधून त्यांनी तसंच एक चक्र काढलं, कुठल्यातरी मोडक्या मीटरमधलं. ते बसवायला आकड्यांच्या चकत्या ओवलेली सळई थोडी बाहेर ओढायची होती. त्यांनी श्वास रोखला. सळई धरली आणि हाताने दगा दिला. सहाच्या सहा चकत्या घरंगळत जमिनीवर गेल्या.

सिस्टर गुडघे टेकून एकेक चकती वेचू लागल्या. शेवटची कपाटाखालून काढली. पण त्यांनी त्या परत दिल्या नाहीत, मुठीत धरून ठेवल्या.

"हात कधीपासून थरथरतोय, मास्तर?"

"सकाळपासून चहा झाला नाही, म्हणून."

"पावतीवर तुमचं अक्षर सुरुवातीला मोठं आहे, शेवटी मुंगीएवढं झालंय. चालताना हा हात हलतही नाही. असे पेशंट मी बघितलेत. डॉक्टरला दाखवा."

"सिस्टर, तुम्ही मीटर दुरुस्त करायला आलात की मला?" मास्तर कडाडले.

"दोन्ही होईल असं सांगता आलं असतं, तर किती बरं झालं असतं," त्या हळूच म्हणाल्या.

दारात मास्तरांची बायको जेवणाचा डबा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. डबा खाली ठेवत ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वर्ष झालं. तुम्हाला अर्धाच कप चहा देते, तो काय दूध वाचवायला? सांडू नये म्हणून."

वर्षभर ते तिला त्या अर्ध्या कपावरून चिक्कू म्हणत होते. ते खुर्चीतून उठले. ती त्यांच्या खुर्चीत बसली, दिवा जवळ ओढला. "सांगा, काय कुठे बसवायचं."

सिस्टरनी मूठ उघडून चकत्या टेबलावर ठेवल्या. दीड तास ते सांगत राहिले, ती करत राहिली. "अगं, जोर नको लावू. आधी डावीकडची. नऊ वर घे, नऊ!" तीही तिथल्या तिथे म्हणाली, "ओरडू नका, चकत्या बहिऱ्या आहेत, मी नाही." अडकलेला आकडा जसाच्या तसा जुळवला. सिस्टर गाडी घेऊन एक फेरी मारून आल्या आणि खिडकीतूनच ओरडल्या, "पुढे सरकला!"

मास्तर बायकोला म्हणाले, "तुझा हात चांगला आहे." पण एखादी वाईट बातमी सांगावी तसं म्हणाले.

डॉक्टरांनी तेच सांगितलं जे सिस्टरना दिसलं होतं: कंपवात. आजार बरा होणारा नाही, गोळ्यांनी थोडा आटोक्यात ठेवता येईल. पाच-सहा महिने गोळ्यांनी आधार दिला. नजर त्यांची, हात तिचे, असं दुकान चाललं. मग मास्तरांचा आवाज बसत गेला. शब्द ओठांशीच विरायचे. एकदा तिला 'थांब' ऐकू गेलं नाही आणि एका मीटरची केसासारखी बारीक स्प्रिंग तुटली. त्यांना रागावायचं होतं, पण तेही जमेना. ती टेबलावर डोकं टेकून रडली. नव्या गाड्यांमध्ये सगळे आकडे स्क्रीनवर आले होते. आठवडेच्या आठवडे कोणी फिरकत नव्हतं.

आठव्या महिन्यात सिस्टर परत आल्या. आकडे पुन्हा अडकले होते.

बायकोने मीटर उघडून मास्तरांसमोर धरला. ते कितीतरी वेळ बघत राहिले. तिने त्यांच्या तोंडाजवळ कान नेला आणि सांगितलं, "म्हणतात, ते चक्रही जुनंच होतं. तडकलं. दुसरं नाही."

"राहू द्या. तारीख बघून ऑइल बदलीन," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "गोळ्या वाढवल्यात ना?"

"दोनदा वाढवल्या," बायको म्हणाली. "आता कूससुद्धा मीच बदलून देते."

सिस्टरना पुढचं सगळं ठाऊक होतं.

त्याच महिन्यात खोली सोडायची ठरली. भंगारवाल्याने कपाट रिकामं केलं, मीटर पोत्यात टाकायला सुरुवात केली. मास्तरांचे ओठ हलले.

"काय म्हणतात काका?" भंगारवाल्याने विचारलं.

"सावकाश घ्या म्हणतात, काचा आहेत."

"भंगारातच जायचंय काकू, फुटल्या काय नि राहिल्या काय," तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला, वाईट मनात काही नव्हतं.

बायकोने मास्तरांना उठवलं. घर दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. वाटेत ते दोनदा बसले, एकदा एका दुकानाच्या पायरीवर, एकदा बंद फाटकापाशी. दुसऱ्यांदा त्यांनी काहीतरी म्हटलं. ती वाकली, पण रस्त्यावर गाड्यांचा आवाज फार होता. "घरी गेल्यावर सांगा," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिने विचारलं. त्यांनी मान हलवली. राहू दे.