गाठ नसलेलं जाळं

हंगामभर समुद्रात जाऊन एकदाही न फाटलेलं जाळं तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय. आमच्या धक्क्यावर टांगलंय, हिरवंगार, आणि त्याच्या बोटीला शाबासकीचा फलकही मिळालाय.

आमच्याकडे जाळी सांधणारी एकच बाई, सुईमावशी. बर्फाच्या कारखान्यामागे पत्र्याची खोली, खिडकीशी पाट, मांडीवर जाळं. तीस वर्षं हेच. फाटलेली कड चाचपून ती सांगते, बोट खडकावरून गेली की गाळातून.

सरकारचा नियम चांगलाच आहे, आधीच सांगतो. जाळ्याची भोकं मोठी ठेवा, पिल्लं सुटू द्या, पुढच्या वर्षी मासा राहील. पाळणाऱ्या बोटीला मासेमारीचे दहा दिवस जादा. पण तपासतात काय? टांगलेलं जाळं! मासेमारी खात्याचा साहेब भोकांना पट्टी लावतो, फोटो काढतो, चहा पिऊन जातो. चहा कोण पाजतं, एवढंच विचारलं तर मला धक्क्यावरून हाकललं. मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. तीन तक्रारी ठोकल्या. तेव्हा कुठे यंदाच्या अर्जात नवा रकाना आला: जाळं सांधणाऱ्याची सही.

तो अर्ज घेऊन मावशीचा धाकटा दीर आला. हिरवं जाळं त्याचंच. मी तिथेच बसलो होतो.

"वहिनी, इथं सही करा. दोन मिनिटांचं काम."

"जाळं कुठाय?"

"धक्क्यावर. सगळ्यांनी बघितलंय."

"मी नाही बघितलं. भावजी, माझी उशीची खोळ वर्षात दोनदा उसवते, ती तर खोलीबाहेरही जात नाही."

"नशीब आमचं."

"आणि तुमचं ते बारीक भोकांचं काळं जाळं सहा वेळा माझ्याकडे आलं, ते कुणाच्या नशिबानं?"

दीर हसला. "सांधलं कुणी? तुम्हीच ना? मग तुम्हीही यात आहात. आणि उद्यापासून एकाही बोटीचं जाळं इथं येणार नाही, बघा."

मावशीची सुई थांबली. मला वाटलं, संपलं. तिनं चष्मा पुसला, पेन मागितलं आणि लिहिलं: हिरवं जाळं माझ्याकडे कधीच आलं नाही. काळं सहादा आलं. मीच सांधलं. खाली सही. तो अर्ज मीच कचेरीत नेऊन दिला.

आठवड्यात अर्ज माझ्याकडे परत आला: मजकूर रकान्याबाहेर गेलाय, अपूर्ण. मग दिराचा दुसरा अर्ज गेला आणि मंजूरही झाला. त्यावर सही कुणाची, ते मला दाखवत नाहीत. मावशीची मांडी मात्र तेव्हापासून रिकामी आहे.

पहिला अर्ज मी जपून ठेवलाय. धक्क्यावर याल तेव्हा ते हिरवं जाळं बोटांनी चाचपा. सांधल्याची एक जरी गाठ सापडली तर मला तोंडावर खोटारडा म्हणा. नाही सापडली, तर बर्फाच्या कारखान्यामागे या आणि मावशीच्या सहीखाली तुमची सही करा.