काकूंनी गाळलेली वाक्ये

लेखन हा माझा प्रांत नाही. आयुष्यभर मी गणित शिकवले, आणि जे फळ्यावर सिद्ध करता येत नाही ते बोलू नये, अशा समजुतीने वागत आले. साठी उलटल्यावर एखाद्या व्यक्तीविषयी चार पाने लिहावीत, आणि तीही माझ्या नात्यागोत्यातील नव्हे, हा अगोचरपणा आहे याची मला जाणीव आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. काकूंविषयी लिहिण्याचा अधिकार माझ्याहून अधिक असणारी दोन माणसे होती. त्यांपैकी एक आता हयात नाही आणि दुसरीला मराठी वाचता येत नाही.

काकूंचे भाषांतर नेहमी मुळापेक्षा लांब असे. जर्सी सिटीतील त्यांच्या विटांच्या घरात वरची खोली मी भाड्याने घेतली, त्याच आठवड्यात हे माझ्या ध्यानात आले. शनिवारी सकाळी काकू, काका आणि मी कोपऱ्यावरच्या लाँड्रोमॅटमध्ये कपडे धुवायला जात असू. तिथे हाइतीहून आलेल्या एक वयस्क बाई येत. काकूंच्या फ्रेंचला अमेरिकेत मिळालेल्या त्या एकमेव श्रोत्या. एकदा बाईंनी खिडकीबाहेर पाहून दोन शब्द उच्चारले. काकू आमच्याकडे वळल्या.

“त्या म्हणतात, पाऊस आला. म्हणजे त्यांच्या गावी येतो तसा धो धो नाही, हा आपला नुसता चिकट. कपडे वाळू देणार नाही, म्हणून त्या आज मशीनमध्येच वाळवून नेणार.”

काकांनी वर्तमानपत्र खाली केले. “अगं, ती दोन शब्द बोलली. तू कीर्तन लावलंस.”

“मराठीत लांबतं,” काकू शांतपणे म्हणाल्या. “ती जे गृहीत धरते, ते तुम्हाला सांगावं लागतं. तुम्हाला कुठे आपणहून काही कळतं?”

काकू पुण्यात फ्रेंच घेऊन बी. ए. झाल्या होत्या, त्याही विद्यापीठात पहिल्या. लग्न होऊन इकडे आल्यावर मॅनहॅटनमधील एका कचेरीत त्या फायली अक्षरानुक्रमाने लावण्याचे काम करीत. तिथे फ्रेंचचा उपयोग नव्हता. मराठी मंडळात त्यांना कौतुकाने, आणि थोडे थट्टेनेही, ‘दुभाषी काकू’ म्हणत. मुलीने, मीराने, शाळेत फ्रेंचऐवजी स्पॅनिश घेतले, तेव्हा काकू एवढेच म्हणाल्या, “हरकत नाही. माझं मी बोलते की.”

माझी त्यांना गरज होती आणि मला त्यांची. त्या काळी आमच्या विभागात डॉक्टरेटसाठी एका परकीय भाषेच्या वाचनाची परीक्षा द्यावी लागे. बोलता आले नाही तरी चाले. शब्दकोश जवळ ठेवून एक पान इंग्रजीत आणता आले म्हणजे झाले. मी फ्रेंच घेतले. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातील टेबलाशी काकू तांबडी पेन्सिल घेऊन बसत. गणितातील त्यांना अक्षरही कळत नसे. तरी एकदा त्यांनी माझ्या उताऱ्यातील एका ओळीवर गोल काढला. मुळात ‘प्रेस्क’ असा शब्द होता, म्हणजे ‘जवळजवळ’. मी तो किरकोळ समजून सोडून दिला होता.

“हा कुठे गेला?”

“काकू, एवढासा शब्द आहे.”

“एवढासा असेल. पण तो गेल्यावर वाक्य खरं राहिलं का, ते बघ.”

मी पाहिले. राहिले नव्हते. ‘जवळजवळ सर्वत्र’ आणि ‘सर्वत्र’ यांत आमच्या शास्त्रात जमीन-अस्मानाचे अंतर असते. काकूंनी पेन्सिल खाली ठेवली आणि पुढे अनेकदा ऐकलेले वाक्य मी त्या दिवशी प्रथम ऐकले. “भर घातलेली चालेल, सुधा. गाळलेलं चालणार नाही. भर घालणारा फार तर बडबड्या ठरतो, गाळणारा खोटारडा.”

त्यांच्याजवळ कॉलेजातील एक क्रमिक पुस्तक होते. कापडी बांधणीचे, कडा काळवंडलेल्या. त्यात आई, वडील आणि मुलगी असे एक कुटुंब दर धड्यात दक्षिण फ्रान्समधील एकेका शहरी जाई. पहिला धडा मार्सेय, मग आर्ल, नीम, माँपेलिए आणि शेवटी कार्कासॉन. शेवटच्या धड्यात ते तिघे जुन्या तटावर उभे राहून सूर्यास्त पाहतात आणि घरी परततात. कॉलेजात परीक्षा जवळ आल्याने तो धडा शिकवायचा राहून गेला होता. “बाई म्हणाल्या, घरी वाचा. तो काय घरी वाचायचा धडा आहे?” असे काकू म्हणत.

दर दोन वर्षांनी काका, काकू आणि मीरा भारतात जात. त्या उन्हाळ्यात मात्र तिकडे भेटायला जावे असे कोणी उरले नव्हते. काकांच्या आई हिवाळ्यात गेल्या होत्या. सुट्टी मंजूर झालेली होती. काकूंनी पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “या क्रमाने जायचं.” मीराच्या खोलीत सोबत म्हणून, आणि परीक्षेचा सराव म्हणून, मलाही घेतले. व्हिसाचे पत्र काकूंनी मोठ्या हौसेने फ्रेंचमध्ये लिहिले. वकिलातीतून उत्तर इंग्रजीत आले.

मार्सेयमध्ये पुस्तकासारखे कोणीच बोलत नव्हते. तिकडचे लोक शब्दांचे शेपूट ताणून, गात असल्यासारखे भराभर बोलतात. काकू दुकानदारासमोर उभ्या राहून अत्यंत शुद्ध वाक्य बोलत आणि उत्तर आले की क्षणभर गोंधळून जात. एका फळवाल्याने त्यांचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि हसून काहीतरी म्हटले.

“काय म्हणतोय?” काकांनी विचारले.

“म्हणतोय, बाई, तुमची फ्रेंच ऐकून मला माझ्या आजीची आठवण झाली. तीही असंच नीट बोलायची. शाळेत शिकवायची ती.” काकू थोडे थांबल्या. “आणि आता असं बोलणारं कुणी राहिलं नाही, असंही म्हणाला.”

शेवटचे वाक्य त्यांना सोडून देता आले असते. त्यांनी ते सोडले नाही.

आर्लमध्ये त्या चालताना मागे पडू लागल्या. काकांचा स्वभाव उतावळा. ते पुढे जाऊन घड्याळ पाहत उभे राहत. “तुझीच शहरं आहेत ना ही? मग चल की.” काकू भिंतीला हात टेकवून म्हणत, “तुम्ही व्हा पुढे. मी जरा वाचत येते.” भिंतीवर वाचण्यासारखे काही नसे. नीमच्या रोमन रिंगणात, तापलेल्या दगडी पायऱ्यांवर, त्या खाली बसल्या त्या उठेनात. मीराने कानांवरचा वॉकमन काढला. “मॉम? मॉम, यू ओके?” काकूंचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी माँपेलिएला पोहोचल्यावर हॉटेलच्या मालकिणीने एका डॉक्टरांकडे पाठवले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. तपासणी पाऊण तास चालली. मग त्यांनी आम्हा तिघांनाही आत बोलावले आणि ते काकूंकडे पाहून बोलू लागले. ते बराच वेळ बोलले. मला बोललेली फ्रेंच समजत नसे. मी केवळ त्यांचे हात पाहत होते. काकू मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ऐकत होत्या. मधे त्यांनी एक प्रश्न विचारला. डॉक्टरांनी मान हलवली, पुन्हा बोलले, आणि एका कागदावर पाच-सहा ओळी लिहून तो त्यांच्या हाती दिला.

काकू आमच्याकडे वळल्या. “रक्त कमी आहे म्हणतात. पाणी भरपूर प्यायचं.”

“एवढंच?” काका म्हणाले.

“एवढंच.”

काकांना हायसे वाटले आणि त्यांनी आपली जुनी थट्टा केली. “चला, वीस वर्षांत पहिल्यांदा तुझं भाषांतर मुळाहून लहान झालं.” मीराही हसली. मीही हसले. ते हसू मला आजही आठवते, कारण ते पूर्ण होण्याआधीच माझ्या मनात काहीतरी खटकले होते.

कार्कासॉनच्या गाडीत काकू हात धुवायला गेल्या. शेवटचा धडा पाहावा म्हणून मी त्यांचे पुस्तक उघडले. त्यात खूण म्हणून तोच कागद घातला होता. मला तो वाचायचा नव्हता. पण परीक्षेच्या सवयीने डोळे ओळीवरून फिरले. अक्षर किरटे होते, तरी वाचता येत होते. ‘सां तार्दे’ हे दोन शब्द मला येत नव्हते. शब्दकोश माझ्या पर्समध्येच होता. विनाविलंब. उरलेल्या ओळींना शब्दकोशाची गरज नव्हती. गाठ मोठी आहे, स्वरूप चिंताजनक आहे, रुग्णेने प्रवास थांबवून विनाविलंब मायदेशी परतावे व शस्त्रक्रिया करून घ्यावी.

वर पाहिले तर काकू समोर उभ्या होत्या. त्यांनी उघडा शब्दकोश पाहिला, माझे बोट कोणत्या शब्दावर आहे तेही पाहिले.

“जमलं?” त्यांनी विचारले.

मी मान हलवली.

“परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी दिले असते.” मग त्या शेजारी बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “आता गाळ.”

“काकू—”

“एकच धडा राहिलाय, सुधा. परत गेल्यावर मी सांगते. माझं मी सांगते.”

समोरच्या बाकावर काका जागे झाले होते. “काय वाचताय दोघी?”

काकू खिडकीबाहेर पाहू लागल्या. उत्तर मलाच द्यायचे होते. जन्मात प्रथमच मी कोणासाठी तोंडी भाषांतर करीत होते. “औषधाची चिठ्ठी आहे, काका,” मी म्हणाले.

कार्कासॉनच्या तटावर काकूंनी तो धडा मोठ्याने वाचला. दर वाक्यानंतर थांबून त्या मीराला मराठीत सांगत, आणि नेहमीप्रमाणे पुष्कळ भर घालत. आभाळ ढगाळ होते, सूर्यास्त काही दिसला नाही. शेवटचे वाक्य होते, ‘आणि मग ते घरी परतले.’ त्याचे भाषांतर काकूंनी केले नाही. “दॅट्स इट?” मीराने विचारले. “हो,” काकू म्हणाल्या, “संपलं पुस्तक.”

परतल्यावर त्यांनी लगेच सांगितले नाही. आधी मीराची शाळा सुरू व्हायची होती. मग मंडळाचा गणपती आला, आरतीच्या प्रती त्यांच्याकडे होत्या. मग दिवाळी. मी स्वयंपाकघरात एकटी गाठून विचारले की म्हणत, “हे एवढं होऊ दे.” मी खालमानेने वर खोलीत जात असे. काकांना सांगण्याची वाक्ये मी अनेकदा मनात रचली. जिन्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत ती विरून जात. नोव्हेंबरात काकू स्वतःहून डॉक्टरांकडे गेल्या. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, थोडे आधी यायला हवे होते. एप्रिलमध्ये त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यात हाइतीच्या बाई रुग्णालयात आल्या होत्या आणि दोघी बराच वेळ फ्रेंचमध्ये बोलत होत्या. आम्हाला त्याचे भाषांतर करून सांगणारे कोणी नव्हते.

पुढे मला टेक्सासमध्ये नोकरी लागली. निघण्यापूर्वी निरोप घ्यायला गेले, तेव्हा काका स्वयंपाकघरातील त्याच टेबलाशी बसले होते. समोर काकूंचे पुस्तक आणि तो कागद.

“सुधा, हे तुलाच वाचता येईल,” ते म्हणाले. “तारीख मला कळतेय. ऑगस्टची आहे. त्या डॉक्टरला तेव्हाच काही कळलं होतं का? तिला त्यानं सांगितलं होतं का?”

त्यांचा हात कागदावर होता. वीस वर्षे ज्यांनी थट्टा केली, ते आता एकेक शब्द ऐकायला अधीर झाले होते. मी कागद हाती घेतला. शब्दकोश लागला नाही. “रक्त कमी आहे,” मी वाचले, “घरी गेल्यावर सवडीने तपासून घ्यावे.”

काकांनी माझ्या हातातील कागदाकडे बोट दाखवले. “सहा ओळी आहेत, पोरी. एवढंच?”

“फ्रेंचमध्ये लांबतं, काका,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले, कागदाची घडी घालून पुस्तकात ठेवली आणि म्हणाले, “म्हणजे तिलाही माहीत नव्हतं.” त्यानंतर ते सत्तावीस वर्षे जगले आणि हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. गेल्या वर्षी मीराने ते पुस्तक मला पाठवून दिले. कागद अजून त्यातच आहे, शेवटच्या धड्यापाशी. तो काय आहे, असे तिने चिठ्ठीत इंग्रजीत विचारले आहे. तिला अद्याप मी उत्तर दिलेले नाही.

माझ्या जागी तुम्ही असता, तर तिला काय लिहिले असते?