तळं झालं की तिकीट

इथे परदेशात, मुलाच्या फ्लॅट बुश या उपनगरात, संध्याकाळी पार्कात आमचा कट्टा जमतो. सगळे आजी-आजोबा, मुलांकडे येऊन राहिलेले, कुणी नाशिकचे, कुणी ठाण्याचे. त्या कट्ट्यावर एक गोष्ट मला लवकरच कळली: मुलांनी रोटोरुआ दाखवलं, की समजायचं, आपला इथला मुक्काम संपला. एरवी मुलांना वेळ नसतो. आपलं परत जायचं ठरलं, की मग त्यांना एकदम आठवतं, अरे, आईबाबांना काही दाखवलंच नाही! मग ते तळ्याकाठचं गाव, गरम पाण्याचे फवारे, उकळता चिखल, सगळं एका दमात उरकायचं आणि लगेच विमानतळ. "तळं झालं की तिकीट," असं नाशिकच्या आजी हसत म्हणायच्या. त्यांचं तळं झालं आणि त्या गेल्याच.

त्यामुळे मुलाने रोटोरुआचं नाव काढलं, की माझा गुडघा दुखायला लागायचा. खोटं नाही हं, दुखतोच तो. फक्त तेव्हा जरा जास्त दुखायचा. मला जायचं नव्हतं. हे गेल्यापासून कोथरूडचा फ्लॅट मला खायला उठतो. एकटीसाठी कुकर लावायचा आणि टीव्हीकडे बघत जेवायचं, याला काय घर म्हणतात? पण तोंडाने हे कबूल करेन ती मी कसली! सुनेशी जरा कुठे खटकलं, की माझं पालुपद ठरलेलं: "मी आपली जाते बाई माझ्या घरी." ती गप्प बसायची, मुलगा फोनमध्ये तोंड घालायचा, आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचा चहा टाकायची.

अशात एक दिवस मुलगा म्हणाला, "आई, उद्या रोटोरुआ. मी सुट्टी टाकलीय, तुझ्या नातीच्या शाळेतही कळवलंय. गुडघ्याचं काही सांगू नकोस." मधल्या वारी सुट्टी! हा माणूस तापातसुद्धा लॅपटॉप उघडून बसतो. माझ्या मनात पाल चुकचुकली. गराजमध्ये दोन नव्या कोऱ्या बॅगा येऊन पडल्या होत्या, त्याही मी बघितल्या होत्या. विचारलं तर सूनबाई म्हणाल्या, "सेल होता, आई." सेल! आणि सकाळी उठून बघते तो तिने माझ्या आवडीच्या तिखटमिठाच्या पुऱ्या केलेल्या. एरवी आमच्या बाईसाहेब प्रवासाला ब्रेडला लोणी फासून मोकळ्या होतात. गाडीत बसताना माझ्या पाठीशी उशीसुद्धा ठेवली. म्हटलं, झालं. बकऱ्याला हार घालून झाला.

गाडीतच मी ठरवून टाकलं. सगळं दाखवल्याशिवाय यांना माझं तिकीट काढायला तोंड होणार नाही ना? मग एक गोष्ट बघायचीच नाही. कुठली, ते तिथे गेल्यावर ठरवू.

गाव जवळ आल्याचं नाकालाच कळतं. सडक्या अंड्यांचा वास, अगदी गाडीच्या काचा बंद असूनही. नात नाक दाबून "यक, आजी!" म्हणत होती. मी जन्मात अंड्याला हात लावला नाही, आणि इथे गावभर त्याचा वास घेत फिरायचं! चिखल मात्र बघण्यासारखा. कढईत पिठलं रटरटावं तसा तो जमिनीत रटरटत होता. गरम पाण्याचा फवारा उडाला, मुलाने त्याच्यासमोर मला उभं करून फोटो काढला. मग सुनेबरोबर, मग नातीबरोबर, मग एकटीचा. "हसा ना, आई," सून म्हणाली. मी हसले. हा फोटो पुढे माझ्याच कोथरूडच्या भिंतीवर लागणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईने जाताना प्रेमाने "किया ओरा" असा इथला नमस्कार केला, तर मला तिचीही शंका आली.

गरम झऱ्यात उकडलेलं मक्याचं कणीस खाताना नात माझ्या कानाशी आली. ती मराठी समजते, बोलते इंग्रजीत. म्हणाली, "आजी, आर यू स्केअर्ड ऑफ स्नेक्स?"

"का गं?"

"बिकॉज देअर आर नो स्नेक्स हिअर. बट देअर आर हीप्स ओव्हर देअर." आणि तिच्या आईने डोळे वटारल्यावर गप्प.

मी कणीस खाली ठेवलं. या देशात साप नाहीत, तिथे आहेत. तिथे म्हणजे कुठे, ते सांगायला कशाला हवं? पोरीलासुद्धा ठाऊक होतं, एक मीच तेवढी परकी.

त्यानंतर डोंगरावर नेणारा रोपवेचा पाळणा आला आणि मी पायच रोवले. "मी नाही बसणार. गुडघा." मुलाने समजावलं, वरून सगळं तळं दिसतं म्हणाला. मी म्हटलं, तळं मला खालूनच दिसतंय. शेवटी सगळे तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसलो. समोर काळे हंस. मग मात्र मला राहवेना.

"तिकीट कधीचं आहे ते सांगून टाक एकदाचं," मी मुलाला म्हटलं. "उगाच पुऱ्या नि फोटो कशाला? मी काय लहान आहे?"

त्याने सुनेकडे बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? बॅगा दिसल्या की मला."

"आई, पुढच्या महिन्यात जायचंय," तो म्हणाला. "सगळ्यांनीच. ब्रिस्बेनला. मला नोकरी मिळालीय तिथे. इतकी वर्षं इथे राहून हे गाव आम्हीही कधी नीट बघितलं नाही. म्हटलं, जायच्या आधी बघून घेऊ."

साप ऑस्ट्रेलियाचे होते तर! "मग मला का नाही सांगितलं?"

उत्तर सुनेने दिलं. "भीती वाटली, आई. तुम्ही सारखं म्हणता ना, माझ्या घरी जाते म्हणून. आम्ही ब्रिस्बेन म्हटलं असतं आणि तुम्ही म्हणाला असतात, मग मला आधी पुण्याला सोडा. तुमच्या व्हिसाची चौकशी केलीय आम्ही. घरही बैठं बघितलंय, तुमच्या गुडघ्याला जिना नको म्हणून. तुमची खोली स्वयंपाकघराला लागून आहे."

मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, हंसांकडे बघत होता. "येशील ना, आई?" शाळेच्या फाटकापाशी 'न्यायला येशील ना' असं विचारायचा, तोच आवाज. माझे डोळे भरून आले. इतके दिवस मी यांच्यावर पाळत ठेवून होते, आणि ही दोघं माझ्या एका पालुपदाला घाबरून होती.

मी पदराने तोंड पुसलं आणि उठले. "चला," म्हटलं, "तो पाळणा राहिलाय."

"अहो, पण गुडघा?" सून म्हणाली.

"गुडघ्याला काय धाड भरलीय!" म्हटलं, आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागले.