मामांच्या गुंडाळ्या

माझ्या बायकोच्या मामांइतका माझा जीव या जगात दुसऱ्या कुणी टांगणीला लावला नाही. मामा मैंदर्गीचे, घरात कानडी, बाजारात मराठी. बांधावर हिरवं पान दिसलं की खुडायचं, त्यात वाटलेली डाळ भरायची, गुंडाळी करून वाफवायची आणि पानासकट खायची. पाथरी, मायाळू, रानअळू, काहीही चालायचं. चार दिवस सोलापुरात आले की आमचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. पान नवं असलं तर आधी स्वतः एक गुंडाळी खात आणि आम्हाला अर्धा तास थांबवत. तो अर्धा तास आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत बसायचो. एकदा त्यांना नुसता ठसका लागला, तर मी अनवाणी डॉक्टरांकडे पळालो. डॉक्टरांना घेऊन आलो तेव्हा मामा सातवी गुंडाळी खात होते. डॉक्टरही दोन खाऊन गेले.

दुष्काळ सरला त्या वर्षीच्या पावसाळ्यात मामा मला गावाबाहेर ओढ्याकाठी घेऊन गेले. पिशवी भरली तरी त्यांचं खुडणं थांबेना. गुडघाभर अळूत उभं राहून माझी नुसती धाकधूक चाललेली. एवढ्यात मामा थबकले आणि हळूच म्हणाले, "हाव."

मला वाटलं, चला, माणसाला आपली हाव कळली एकदाची. मी हसून पिशवी घ्यायला पुढं निघालो. तसं मामांनी ती भरली पिशवी माझ्या पायाशी आदळली आणि मला मागं ढकलून दिलं. पिशवीखालून हातभर नाग निघाला आणि मामांच्या उघड्या पायावरून ओढ्याकडं गेला. मामा जागचे हलले नाहीत.

कानडीत सापाला हाव म्हणतात, हे मला लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, चिखलात बसल्या बसल्या कळलं. मराठीत का नाही सांगितलंत, असं मी रडकुंडीला येऊन विचारलं.

मामा ओशाळले. "जावई, मराठी माजी बाजारापुरती हाय. भ्यालो की आईचीच येती की."

हा माणूस कशाला भीत असेल, तेही माझ्यासाठी, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मला लाज वाटली. त्याच आठवड्यात मी बायकोकडून कानडी शिकायला बसलो, पण दोन वर्षांत ती जेमतेम अर्धीच आली आणि मामा शेवटच्या दुखण्यात पडले. ते कानडीतच काहीबाही सांगत होते. भ्यालेत, एवढं आवाजावरून कळत होतं. मी त्यांचा हात धरून प्रत्येक वाक्याला "हौद्री, हौद्री" म्हणत राहिलो. होय म्हणणं तेवढं मला नीट येत होतं.