मावशीचं वैर

मावशीनं कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. भांडगावात शेजारच्या आप्पांच्या बैलानं एकदा तिची ज्वारी खाल्ली. त्यांच्या पोरीच्या लग्नाला मावशी गेली, आहेर केला, पंगतीत वाढलंसुद्धा. पण पाण्याचा घोटही न घेता घरी येऊन भाकरी खाल्ली. "रीत बी पाळली, राग बी पाळला," म्हणाली.

माझी आई तिची धाकटी बहीण. छातीतल्या गाठीनं आई गेली तेव्हा मी शाळेत होते. शिरूरहून मला आपल्या घरी नेताना मावशी रडली नाही. "तिला सोडणार न्हाई," एवढंच म्हणाली. 'ती' म्हणजे गाठ. रोगाशी असं भाऊबंदकीचं वैर धरणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

पुढं तशीच गाठ मावशीच्या छातीत निघाली. मी हादरले, ती मात्र पदर खोचून तयार. "आली का सटवी? बरं झालं, हाती गावली." पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरून शिरेतून सोडायचं, गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथून कण आत झिरपतात आणि औषध बरंचसं तिथंच उतरतं. मावशीचे डोळे चमकले. "म्हंजी गुळाच्या गोळीत उंदराचं औषध!"

इथंच घात झाला. उंदरांना गोळी ठेवण्याआधी मावशी घरातला दाणा न् दाणा हलवायची. उपाशी उंदीरच गोळी खातो. तोच न्याय तिनं गाठीला लावला. दुसऱ्या डोसाआधी माझ्या नकळत जेवण बंद केलं आणि दवाखान्याच्या दारात चक्कर येऊन पडली. डोस पुढं ढकलावा लागला.

"आजी, ते कण गाठीची भूक बघत नाहीत. तुम्ही जेवा," डॉक्टर म्हणाले.

"मी जेवले तर ती बी जेवती की, साहेब!"

मी तिथंच तिच्यावर ओरडले. नंतर मात्र ती जेवायला लागली, घासागणिक गाठीला शिव्या देत.

गाठ आक्रसली. मावशीनं आळीत पेढे वाटले. पण वर्षभरानं गाठ फुप्फुसात उगवली आणि कुठलंच औषध लागू पडेना.

शेवटी तिनं मला जवळ बोलावलं. "मला जाळू नगं. जाळलं की ती घटकाभरात सुटल. डाक्टरीच्या कालिजात दे मला. पोरं कापत्यात म्हणं. कापू दे तिला, बारीक बारीक."

भावकी चिडली. मी कुणाचं ऐकलं नाही, देह कॉलेजला दिला. मावशीच्या आत्म्याला शांती मिळो, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. कुठल्याशा टेबलावर कुणी पोरगी ती गाठ चिरत असेल, एवढ्या विचारानं मला निवांत झोप लागते.