घोटीमार्गे अख्खा देश

घाबरट माणसं एका खोलीत बसवली की किस्से आपोआप साठतात. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या ऑफिसात तर आम्ही तिघंही घाबरट! मालक बागूल सर, मूळचे नामपूरचे. प्रोग्रॅम लिहिणारी शलाका. आणि स्टेशनांची माहिती भरणारा मी. मालगाडीला चार वाटा असतील तर माल कुठल्या वाटेने जाईल, हे आधी सांगणारं मॉडेल आम्ही बनवत होतो. नागपूरच्या एकाच कंपनीचं काम होतं. डेमो फसला की ऑफिसला कुलूप, हे सर रोज सकाळी गुड मॉर्निंगऐवजी सांगायचे.

पहिल्याच ट्रायलला शलाकाकडून अंतरांच्या तक्त्यात नाशिकजवळच्या छोट्याशा घोटी स्टेशनची ओळ रिकामी राहिली. कॉम्प्युटरने रिकामं म्हणजे शून्य धरलं. झालं! घोटी देशातल्या प्रत्येक स्टेशनला चिकटली आणि झारखंडचा कोळसा, पंजाबचा गहू, सगळं घोटीमार्गे निघालं. शलाका रडायच्या बेताला आली. सर मात्र स्क्रीनकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "अगं, पण एवढ्या गाड्या घोटीत उभ्या कुठे राहतील?"

मग कसारा घाट. चढणीला मालगाडीच्या मागे जादा इंजिनं लावावी लागतात, म्हणून मॉडेलमध्ये घाटाचं अंतर मुद्दाम वाढवून धरायचं असतं. सरांना ते कमीच वाटायचं. रोज थोडं वाढवायचे. शेवटी मुंबईचा माल नाशिकला सुरत फिरून यायला लागला! शलाका म्हणाली, "सर, घाट एवढा अवघड असता तर तुम्हाला कल्याणची बायको मिळाली असती का?"

सरांनी त्या दिवशी अंतर निम्मं केलं.

एकदा सरांच्या आईचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. तू दिवसभर करतोस तरी काय, असं तिने विचारलं. गाडी कुठून जाईल ते आम्ही आधी सांगतो, असं सरांनी पंधरा मिनिटं समजावलं. पलीकडून अहिराणीत प्रश्न आला, "मंग गाडी कथी जाई, ते डायवरले माहीत नई का?"

सर त्या दुपारी जेवले नाहीत.

हे वेड सरांच्या घरीही शिरलं. सटाण्याला पुतण्याचं लग्न होतं. सरांनी रस्त्यातल्या प्रत्येक बाजारगावाला जादा अंतराचा दंड लावून गर्दी टाळणारी वाट काढली. पोचले तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते. सरांच्या मिसेस एवढंच म्हणाल्या, "गर्दी मात्र अजिबात लागली नाही हो!"

आणि डेमोचा दिवस. कंपनीचे साहेब नागपूरहून रेल्वेने येणार होते. सकाळीच बातमी आली, चाळीसगावच्या बाजूला मार्ग बंद. पाठोपाठ साहेबांचा फोन, "बागूल, मी भुसावळला अडकलोय. मुंबईची गाडी आहे. तुमचं मॉडेल सांगतं ना? मग सांगा, माझी गाडी कुठून जाईल?"

आमच्या मॉडेलला फक्त माल कळतो. शलाकाने चाळीसगावची वाट बंद धरली आणि धीर करून साहेबांना एक वॅगन कांदा म्हणून टाकलं. भुसावळ ते मुंबई. उत्तर आलं: जळगाव, नंदुरबार, सुरत. नाशिक नाहीच!

खोटं बोलावं तर मॉडेल गेलं, खरं बोलावं तर साहेब. सरांनी डोळे मिटून सांगून टाकलं, "साहेब, तुम्ही नाशिकला येत नाही. जळगावला उतरा, मी कार घेऊन येतो."

"कोण म्हणतं?"

"मॉडेल. म्हणजे... तुम्हाला कांदा धरलंय."

"बागूल! माझ्या तिकिटावर नाशिक लिहिलंय!" फोन कट.

साहेबांसाठी मागवलेली मिसळ गार होत होती. शलाका हळूच म्हणाली, "साहेब इथे आले तर आपलं मॉडेल चुकलं. नाही आले तर डेमो कुणाला दाखवायचा?" सर म्हणाले, "गप बस गं," आणि देवाच्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले. नक्की काय मागावं, ते त्यांनाही कळत नसणार.

दुपार कलली आणि फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला. आधी नुसता फेरीवाल्यांचा गलका ऐकू आला, मग साहेबांचा आवाज.

"बागूल, कांदा नंदुरबारला पोचलाय. पुढे?"